ट्रकमधील मोबाईल : अँटेना, हँड्स-फ्री संच आणि कायदा

मयूर विहार, दिल्ली : रात्रीचे अकरा वाजत आले की दिल्लीच्या पूर्व वेशीवर मालवाहू ट्रकांची वर्दळ वाढू लागते. जड मालवाहू वाहनांना दिवसा राजधानीच्या रस्त्यांवर प्रवेशबंदी असल्याने दिवसभर सीमेबाहेर थांबलेली वाहने या सुमारास आत सोडली जातात. गाझीपूरच्या भाजी, फळ आणि मासळी बाजारांचा माल पहाटेपूर्वी पोहोचावा, यासाठी मयूर विहारच्या वस्तीला लागून जाणाऱ्या रस्त्यांवर रात्रभर ही धावपळ सुरू राहते. नेमक्या याच वेळी चालकाचा फोनही वाजू लागतो. गाडी कुठवर आली, हे बाजारातील अडत्याला हवे असते, ट्रान्सपोर्ट कंपनीला हवे असते, मालकालाही हवे असते.

फोन घ्यावा तर हात स्टिअरिंगवरून काढावा लागतो. न घ्यावा तर पुढचे भाडे हातचे जाण्याची भीती असते. या कोंडीवर उपाय म्हणून ट्रकमध्ये दोन वस्तू बसवून घेतल्या जातात : केबिनच्या छपरावर मोबाईलचा अँटेना आणि डॅशबोर्डपाशी हँड्स-फ्री संच. या दोन्ही वस्तू एकाच कामाच्या समजल्या जात असल्या, तरी त्या दोन निरनिराळ्या अडचणींसाठी आहेत. अँटेना पत्र्यामुळे अडणाऱ्या लहरींसाठी आहे, हँड्स-फ्री संच गुंतलेल्या हातासाठी आहे. चालकाचे लक्ष ही तिसरी अडचण. तिच्यावर या दोन्हींपैकी एकाचाही इलाज चालत नाही.

पत्र्याची केबिन

मोबाईल फोन ज्या लहरींवर चालतो त्या धातूच्या पत्र्यातून आरपार जात नाहीत. ट्रकच्या केबिनमध्ये त्या प्रामुख्याने काचांमधून शिरतात. समोरची काच मोठी असल्यामुळे पुढच्या दिशेला असलेल्या टॉवरशी संपर्क बरा राहतो. मागे मात्र केबिनची भिंत, तिच्यामागे मालाचा हौदा आणि त्यात भरलेला माल, अशी आड उभी असते. त्यामुळे टॉवर मागे पडत जातो तसतसा आवाज तुटू लागतो आणि पुढचा टॉवर टप्प्यात येईपर्यंत संभाषण बंद पडण्याची शक्यता वाढते. लांब पल्ल्याच्या चालकांना हा अनुभव नवा नाही.

संपर्क क्षीण झाला की फोन गप्प बसत नाही. टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी तो आपली प्रक्षेपणशक्ती वाढवतो. जीएसएम पद्धतीच्या साध्या फोनची कमाल शक्ती ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २ वॉट असते. ४जी फोनची कमाल शक्ती त्याहून बरीच कमी, साधारणपणे ०.२ वॉट असते. शक्ती वाढली की बॅटरी लवकर उतरते आणि फोन गरम होतो. पूर्वी वाहनात कायमचे बसवण्यासाठी जे जीएसएम फोन तयार होत, त्यांना ८ वॉटपर्यंत शक्ती वापरण्याची मुभा होती आणि त्यांचा अँटेना गाडीच्या बाहेरच असे. ‘कार फोन’ची ती पिढी आता इतिहासजमा झाली आहे. छपरावर अँटेना असला की फोन चांगला चालतो, ही समजूत मात्र त्या काळापासून टिकून आहे. त्या फोनांच्या बाबतीत ती खरीही होती.

अँटेनाची उंची लहरीच्या लांबीवर ठरते. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटीमीटर लांब असते आणि तिच्या एक चतुर्थांश, म्हणजे साधारण ८ सेंटीमीटर उंचीची काडी पुरते. १८०० मेगाहर्ट्झला ४ सेंटीमीटरांच्या आसपास, तर २३०० मेगाहर्ट्झला सव्वातीन सेंटीमीटर. मीटरभर उंच काडी दिसायला रुबाबदार असली, तरी ती उंची मोबाईलच्या या पट्ट्यांसाठी असतेच असे नाही. एकाच अँटेनाने निरनिराळ्या पट्ट्यांवर काम करावयाचे असेल तर तो बहुपट्टा प्रकारचा घ्यावा लागतो.

काडीइतकेच महत्त्व तिच्याखालच्या पत्र्याला आहे. अशा अँटेनाचा अर्धा भाग म्हणजे काडी. उरलेल्या अर्ध्याचे काम छपराचा धातू करतो. छप्पर फायबरचे किंवा लाकडी असेल, तर काडीखाली किमान वीतभर रुंदीची धातूची पट्टी बसवावी लागते. भारतात अनेक वर्षे ट्रक नुसत्या सांगाड्याच्या रूपात विकले जात आणि केबिन स्थानिक कारागिराकडून बांधून घेतली जाई. अशा केबिनींमध्ये लाकूड, पत्रा आणि फायबर यांचे मिश्रण आढळते. चुंबकी बैठकीचा अँटेना तेथे चिकटत नाही, आणि कसाबसा चिकटवला तरी नीट काम करीत नाही.

तारेचा विषय बहुधा कोणी काढत नाही. वास्तविक निम्मा फायदा तेथेच गळून जातो. बाजारात सहज मिळणाऱ्या पातळ समाक्ष तारेत ९०० मेगाहर्ट्झला दर मीटरमागे सुमारे अर्धा डेसिबल शक्ती नष्ट होते. पाच मीटर तार वापरली तर जवळपास निम्मी शक्ती तारेतच संपते. त्याहून वरच्या पट्ट्यांवर तोटा अधिक होतो. उरलेली तार गुंडाळून सीटमागे कोंबून ठेवण्याची पद्धत म्हणूनच चुकीची आहे. तार मोजून घ्यावी, आखूड ठेवावी आणि छपरातून आत घेताना छिद्राला रबरी कडे बसवावे. आत शिरण्यापूर्वी तारेला खालच्या बाजूला एक वळण द्यावे, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून केबिनमध्ये न उतरता त्या वळणावरून ठिबकून जाते.

फोनला भोकच नाही

यानंतरचा प्रश्न अधिक मूलभूत आहे. ही तार फोनला जोडायची कुठे? एकेकाळी अनेक फोनांच्या पाठीवर रबरी टोपणाखाली अँटेनाची खाच असे. कार किटच्या पाळण्यात फोन ठेवला की ती खाच बाहेरच्या अँटेनाला जोडली जाई. आजच्या स्मार्टफोनांत अशी सोय नसते. फोनच्या पाठीला चिकटवून लहरी ‘ओढून घेणारी’ पट्टी मिळते, परंतु तिच्यात इतकी शक्ती वाया जाते की छपरावरच्या अँटेनाने मिळवलेले बरेचसे तीच गमावून बसते.

ज्याला खरोखरच बाहेरचा अँटेना उपयोगी पडावा असे वाटते, त्याच्यासाठी सरळ मार्ग म्हणजे केबिनमध्ये सिमकार्डवर चालणारा राउटर बसवणे. बाहेरच्या अँटेनासाठी खाच असलेले राउटर मिळतात. अँटेनाची तार राउटरला, आणि फोन राउटरच्या वायफायला, अशी जोडणी होते. फोनमध्ये आणि मोबाईल कंपनीच्या योजनेत वायफायवरून बोलण्याची सोय असेल तर नेहमीच्या क्रमांकावरूनच संभाषण करता येते. भारतात ही सेवा एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये सुरू केली, आणि तिची सुरुवात दिल्ली परिसरातूनच झाली होती.

तथापि मयूर विहारसारख्या ठिकाणी या खटाटोपाची गरज नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दाट वस्तीत टॉवर जवळजवळ असतात आणि पत्र्याच्या केबिनमध्येही पुरेशा लहरी पोहोचतात. येथून नोइडा वा गाझियाबादची हद्द ओलांडली तरी दूरसंचार खात्याच्या दृष्टीने मंडळ बदलत नाही. दिल्लीच्या परवाना क्षेत्रात गाझियाबाद, नोइडा, फरिदाबाद आणि गुडगाव यांचा समावेश आहे. नकाशावरची राज्याची सीमा फोनला दिसत नाही. दिल्लीत फोन तुटत असेल, तर त्याचे कारण छपरावर शोधण्याऐवजी जुना फोन, सदोष सिमकार्ड किंवा त्या वेळी टॉवरवर असलेली गर्दी यांत शोधणे योग्य ठरेल.

अँटेनाचा उपयोग दिसतो तो टॉवरांमधले अंतर वाढते तेथे. नाशिक जिल्ह्यातून कांदा घेऊन धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा उत्तरेकडे निघालेला ट्रक यमुना द्रुतगती मार्गाने नोइडामार्गे पूर्व दिल्लीत उतरतो, तेव्हा त्याने बाराशे किलोमीटरांच्या आसपास मजल मारलेली असते. त्यातील घाटाच्या आणि विरळ वस्तीच्या टप्प्यांवर बाहेरचा अँटेना संपर्काचा पल्ला काहीसा वाढवतो. मात्र जेथे लहर मुळातच पोहोचत नाही, तेथे तो ती निर्माण करू शकत नाही.

बूस्टर : विकत मिळतो, बाळगता येत नाही

अँटेनाबरोबर बऱ्याचदा एक छोटी पेटी पुढे केली जाते. तिला बूस्टर किंवा रिपीटर म्हणतात. अँटेना लहरी केवळ वाहून नेतो. बूस्टर त्या विजेच्या साहाय्याने वाढवून पुन्हा प्रक्षेपित करतो. दिसायला फरक थोडा आहे, कायद्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचनेनुसार परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज अन्य कोणत्याही व्यक्तीने वा संस्थेने मोबाईल सिग्नल बूस्टर बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदा आहे. त्याच वर्षी जानेवारीत दूरसंचार खात्याने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांनाही वायरलेस जॅमरच्या विक्रीबाबत इशारा दिला होता. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा यांच्या जागी आता २०२३ चा दूरसंचार अधिनियम आणण्यात आला आहे. विनापरवाना प्रक्षेपणाविषयीची कडक भूमिका त्यातही कायम आहे.

या मनाईमागे तांत्रिक कारण आहे. बूस्टर केवळ आपल्याच फोनचा आवाज वाढवत नाही. त्या पट्ट्यातील सगळा कोलाहल तो वाढवून टॉवरकडे फेकतो. बाहेरचा आणि आतला अँटेना एकमेकांच्या फार जवळ असतील, तर ध्वनिक्षेपकासमोर माईक धरल्यावर जशी शिटी वाजू लागते, तसाच प्रकार लहरींच्या बाबतीत घडतो. ट्रकच्या केबिनमध्ये हे अंतर जेमतेम मीटरभर असते. अशा वेळी टॉवरला दूरच्या फोनांचे क्षीण संदेश ऐकू येईनासे होतात आणि परिसरातील इतरांचे फोन लागत नाहीत. त्यात ११२ या आपत्कालीन क्रमांकावर केलेला फोनही असू शकतो. घरावर बसवलेला बूस्टर एकाच टॉवरला त्रास देतो, तर ट्रकवर बसवलेला वाटेतल्या प्रत्येक टॉवरला. विकणाऱ्याने पावती दिली म्हणून उपकरण कायदेशीर ठरत नाही, ही गोष्ट मालकांनी ध्यानात ठेवावयास हवी.

हँड्स-फ्री संच बसवताना

मोटारीत बसवण्याचा संच ट्रकमध्ये जसाच्या तसा जोडता येत नाही. मोटारीची विद्युतप्रणाली १२ व्होल्टची, तर मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची असते. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून हा दाब मिळवलेला असतो, आणि इंजिन सुरू असताना तो २८ व्होल्टपर्यंत चढतो. केवळ १२ व्होल्टसाठी बनवलेला संच थेट जोडला तर तो जळतो, क्वचित पेटही घेतो. काही ब्लूटूथ संच आणि चार्जर १२ ते २४ व्होल्ट या दोन्हींवर चालतात. तसा उल्लेख संचावर छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय तार जोडू नये.

येथे एक सोपी वाटणारी युक्ती केली जाते. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच १२ व्होल्ट काढून घेतले जातात. उपकरण चालते, मालक खूश होतो. परंतु त्या बॅटरीतून रोज थोडी जास्त वीज जाते आणि दोघींना मिळणारा भार असमान होतो. एक बॅटरी सतत अर्धवट भरलेली राहते, दुसरी गरजेपेक्षा अधिक भरली जाते, आणि काही महिन्यांत जोडी निकामी होते. त्यापेक्षा २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवणे हाच योग्य मार्ग होय. पुरवठ्याच्या तारेवर फ्यूज घालावा आणि तो उपकरणापाशी न घालता वीज जेथून घेतली त्याच्या जवळ घालावा. मधल्या तारेचे आवरण पत्र्याला घासून फाटले तर आग रोखण्याचे काम फ्यूजला करावयाचे असते. तो तारेच्या दुसऱ्या टोकाला असून उपयोगाचा नाही.

मायक्रोफोनची जागा हा संचाचा सर्वात नाजूक भाग. तो चालकाच्या तोंडापासून फूटभर अंतरावर, काचेच्या उजव्या खांबावर किंवा उन्हाच्या पडदीवर असावा. उघड्या खिडकीचा वारा आणि पंख्याचा झोत यांपासून तो दूर ठेवावा. स्पीकर आणि मायक्रोफोन समोरासमोर आले तर पलीकडच्या व्यक्तीला स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. फोन किंवा बटण समोरच्या काचेच्या मध्यावर न लावता, सीटबेल्ट लावलेल्या स्थितीत हात सहज पोहोचेल आणि रस्ता झाकला जाणार नाही, अशा ठिकाणी असावे.

हे सारे व्यवस्थित केले तरी भारतीय ट्रकमध्ये एक अडथळा उरत आला आहे, तो गोंगाटाचा. वातानुकूलन नसलेल्या केबिनमध्ये खिडक्या उघड्या, पायाशी इंजिनाची घरघर, बाजूने हॉर्न. स्पीकरवरचे बोलणे ऐकू येत नाही म्हणून चालक शेवटी फोन उचलून कानाला लावतो आणि शेकडो रुपयांचा संच शोभेपुरता उरतो. या बाबतीत आता बदल होऊ घातला आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालवाहू वाहनांच्या केबिनमध्ये वातानुकूलन यंत्रणा सक्तीची करण्यात आली आहे. खिडक्या बंद राहिल्या तर आतला आवाज कमी होईल. तोपर्यंत रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्या मात्र आणखी अनेक वर्षे धावणार आहेत. एका कानात घालावयाचा, तोंडाजवळ मायक्रोफोन असलेला हेडसेट अशा गाड्यांत त्यातल्या त्यात बरा. दोन्ही कान बंद करणारी साधने टाळावीत, कारण मागून येणारा हॉर्न, रुग्णवाहिकेचा भोंगा आणि टायर फुटल्याचा आवाज चालकाला ऐकू यावयास हवा.

कायदा कोणता शब्द वापरतो

१ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाने कलम १८४ मध्ये धोकादायक वाहनचालनाची काही उदाहरणे नमूद केली. त्यांत वाहन चालवताना हातात धरून वापरावयाच्या संपर्क-उपकरणाचा वापर समाविष्ट आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी किमान सहा महिने व कमाल एक वर्ष कारावास, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडल्यास कारावास दोन वर्षांपर्यंत आणि दंड दहा हजार रुपये होऊ शकतो.

‘हातात धरून’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. हँड्स-फ्री संच त्या शब्दांत थेट बसत नाही. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी मार्ग शोधण्यापुरता अशा उपकरणाचा वापर मान्य केला, तोही चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने. परंतु यावरून हँड्स-फ्रीला सरसकट मोकळीक मिळाली, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. लोकांच्या जिवाला धोका होईल असे वाहन चालवणे हा कलम १८४ चा मूळ गाभा आहे आणि तो हातात काय आहे यावर अवलंबून नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या राज्याच्या पोलीस कायद्यासंबंधीच्या प्रकरणात, वाहन चालवताना फोनवर बोलणे एवढ्यानेच लोकांना धोका निर्माण होतो असे मानता येणार नाही, अशी भूमिका घेतली होती. तो निर्णय एका विशिष्ट कलमापुरता होता, हे त्याचा दाखला देणारे अनेकदा विसरतात.

ट्रकचालकाला दंडापेक्षा परवान्याची चिंता अधिक असते, आणि ती रास्त आहे. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना दिलेल्या निर्देशांत वाहन चालवताना मोबाईल वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करण्यास सांगितले. मालवाहू वाहनात प्रमाणाबाहेर माल भरणे आणि त्यातून माणसांची वाहतूक करणे हे गुन्हेही त्याच यादीत होते. तीन महिने परवाना नसणे म्हणजे चालकाच्या घरात तीन महिने उत्पन्न नसणे.

हात मोकळे झाल्यावर

‘हँड्स-फ्री’ या नावातच त्या वस्तूची मर्यादा सांगितलेली आहे. मोकळे होतात ते हात. टोरंटो येथील ६९९ वाहनचालकांच्या अभ्यासावर आधारित आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडेलमायर व टिब्शिरानी यांच्या निबंधात, फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असे आढळले. हँड्स-फ्री वापरणाऱ्यांना त्यातून सूट मिळाल्याचे दिसले नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांच्या २००५ मधील अभ्यासाचा निष्कर्षही जवळपास तोच होता. अमेरिकेच्या युटा विद्यापीठातील प्रयोगांत हँड्स-फ्रीवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्यावरील वस्तूंवर पडत होती, तरी नंतर विचारले असता त्या पाहिल्याचे त्यांना आठवत नव्हते. डोळे उघडे असूनही मन दुसरीकडे असले की असे होते.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच लक्षणीय आहे, आणि तो खास ट्रकचालकांविषयीचा आहे. व्हर्जिनिया टेक या संस्थेने २००९ मध्ये ट्रकमध्ये कॅमेरे बसवून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालत्या गाडीत संदेश टाइप करणाऱ्या चालकाचा धोका २३ पटींनी, तर क्रमांक फिरवणाऱ्याचा जवळपास सहा पटींनी वाढलेला दिसला. हँड्स-फ्रीवर केवळ बोलणाऱ्यांच्या बाबतीत मात्र धोका वाढलेला आढळला नाही. उलट तो कमी दिसला. रात्रीच्या एकसुरी प्रवासात बोलणे झोप उडवत असावे, असे यावर स्पष्टीकरण दिले जाते. रात्रभर गाडी हाकणाऱ्या कोणालाही ते पटण्यासारखे आहे.

या दोन्ही निष्कर्षांचा मेळ जागा पाहून घालावा लागतो. मोकळ्या, सरळ महामार्गावर पहाटे तीन वाजता झोप हा मोठा शत्रू असतो. मयूर विहारजवळ परिस्थिती वेगळी आहे. सराय काले खाँ ते यूपी गेट हा दिल्ली–मेरठ द्रुतगती मार्गाचा पहिला टप्पा मे २०१८ मध्ये खुला झाला. चौदा मार्गिकांचा हा रस्ता मयूर विहारच्या उत्तरेकडून जातो. त्याला मिळणाऱ्या रस्त्यांवर वळणारी वाहने, दुचाक्या, मेट्रो स्थानकाकडे निघालेले पादचारी आणि बाजाराकडे वळणारे टेम्पो असतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जातो. भाडे ठरवताना मनातल्या मनात हिशेब करणाऱ्या चालकाचे तीन सेकंद हरवले, तर तो पन्नास मीटर रस्ता न पाहता पार करतो. त्यात ट्रक भरलेला असेल तर थांबण्यास लागणारे अंतर वेगळेच.

भारतात रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०१६ च्या आकडेवारीनुसार त्या वर्षी वाहन चालवताना मोबाईल वापरल्याने झालेल्या अपघातांत २,१३८ जणांचा मृत्यू झाला. अपघातानंतर चालक फोनवर बोलत होता की नाही, हे सिद्ध करणे कठीण असते. त्यामुळे असे आकडे वास्तवापेक्षा कमीच असण्याची शक्यता अधिक.

फोन करणारा कोण

अमेरिकेत केंटकी राज्यातील मनफर्डव्हिलजवळ २६ मार्च २०१० रोजी एक ट्रक दुभाजक ओलांडून प्रवासी व्हॅनवर आदळला आणि ट्रकचालकासह अकरा जण मृत्युमुखी पडले. अपघाताच्या सुमारास चालक फोन वापरत होता, असे तपासात निष्पन्न झाले. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने व्यावसायिक चालकांना हँड्स-फ्रीसह सर्व प्रकारच्या फोनला बंदी करण्याची शिफारस केली. सरकारने ती अर्धीच स्वीकारली. ३ जानेवारी २०१२ पासून आंतरराज्य ट्रक व बसचालकांना फोन हातात धरण्यास मनाई झाली, हँड्स-फ्रीला परवानगी राहिली, आणि फोन सुरू वा बंद करण्यासाठी एकापेक्षा अधिक बटणे दाबू नयेत अशी अट घालण्यात आली. त्या नियमाचा एक भाग भारतात फारसा चर्चिला गेलेला नाही. चालकाला २,७५० डॉलरपर्यंत दंड होता, तर चालकाला असा वापर करू देणाऱ्या कंपनीला ११,००० डॉलरपर्यंत.

मयूर विहारच्या रस्त्यावर रात्री वाजणारे बहुतेक फोन चालकाने केलेले नसतात. गाडी कुठे आहे, एवढेच त्याला विचारावयाचे असते, आणि त्याचे उत्तर मिळवण्याचे इतर मार्ग आता उपलब्ध आहेत. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. प्रत्येक टोलनाक्यावर पैसे कापले गेल्याचा संदेश नोंदणीकृत क्रमांकावर जातो आणि त्यात नाक्याचे नाव असते. तो क्रमांक मालकाचा असेल तर ट्रक कोणत्या नाक्यावरून केव्हा गेला, हे चालकाला न विचारताही त्याला कळते. गाडीत जीपीएस यंत्र असेल तर प्रश्नच उरत नाही. अडत्याला तीच माहिती मालकाने पुढे पाठवावी, एवढी व्यवस्था कोणताही संच न बसवता होऊ शकते.

उरलेले जरुरीचे बोलणे गाडी थांबवून करावे असा सल्ला दिला जातो, आणि तो योग्य असला तरी द्रुतगती मार्गावर पाळता येत नाही. रात्री कडेला उभा असलेला, दिवे बंद केलेला ट्रक हे स्वतःच अपघाताला निमंत्रण असते. म्हणून बोलण्याची जागा निघण्यापूर्वी ठरवावी लागते : वेशीबाहेरच्या थांब्यावर, प्रवेशाची वेळ होण्याआधी, आणि त्यानंतर थेट बाजाराच्या आवारात गाडी लावल्यावर. या दोन ठिकाणांमधल्या काळात फोन क्लीनरच्या हाती द्यावा. तो शेजारी बसलेला असतो, त्याला रस्ता दिसत असतो, आणि गाडी कुठवर आली हे तोही सांगू शकतो.